तापलेली गाडी, मुलुंड ते दहिसर आणि परत

आमच्या सोसायटीतले लोक निवृत्त झाले की लेह-लडाखला जातात. परत आले की मोबाइलवर फोटो दाखवतात, ऑक्सिजन कसा कमी पडला ते सांगतात, आणि आपण मान डोलवत ऐकून घ्यायचं. मी यंदाच्या मे महिन्यात मुलुंडहून दहिसरला जाऊन आले. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. जायला मला सहा तास लागले आणि यायला आठ. ऑक्सिजन मलाही कमी पडला. तेव्हा आता माझी पाळी, गुपचूप ऐका.

प्रवासाचं कारण आई. ती ब्याऐंशी वर्षांची, आणि दहिसरला नदीजवळच्या एका जुन्या इमारतीत एकटी राहायची. ती इमारत पाडून टॉवर होणार, म्हणून सगळ्यांना रविवारपर्यंत घरं रिकामी करायची होती. आईने माझ्याकडे राहायला यावं असं मला फार वाटत होतं. आईला मुळीच वाटत नव्हतं. तिच्या मैत्रिणीची, कमलमावशीची, पलीकडच्या गल्लीत एक खोली भाड्याने द्यायची होती, आणि "हो की नाही ते रविवारी संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला देते," असं मावशीने बजावून ठेवलं होतं. बरीच भांडणं झाल्यावर आई म्हणाली, "बरं, रविवारी सामान घेऊन येते तुझ्याबरोबर. बघते. पण संध्याकाळी कमलला फोन करून काय ते सांगणार. नाही म्हटलं तर मुकाट्याने परत आणून सोडायचं." म्हणजे आईचं मन वळवायला माझ्या हातात एक रविवार होता, आणि तोही बराचसा गाडीत जाणार होता.

गाडी माझ्या नवऱ्याची. तीन वर्षांपूर्वी तो सकाळी चहा पिता पिता गेला, काही दुखणंखुपणं नसताना. तेव्हापासून मला सगळं तपासून बघायची खोड लागली. गॅस बंद आहे का, कडी लावली का, बंगळुरूच्या मुलीने फोन का उचलला नाही, आईने गोळी घेतली का. गाडी मी सत्तावन्नाव्या वर्षी शिकले आणि तिलाही या यादीत घातलं. रोज सकाळी खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण फिरवून काढायचं, आत डोकावून पाणी बघायचं, कमी असेल तर नळाचं भरायचं आणि झाकण दाबून परत लावायचं. तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. पार्किंगमधले पुरुष कौतुकाने बघायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? शिवाय मी फिजिक्सची बाई. एकतीस वर्षं नववीच्या पोरांना उष्णता शिकवली. माझी गाडी तापेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

शनिवार, पवई

सकाळी आठला निघाले. बरोबर पोह्यांचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि प्रचंड आत्मविश्वास. कांजूरपर्यंत सगळं झकास. मग लिंक रोडवर वळले आणि रस्त्याचं काम लागलं. पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीचा वेग, डोक्यावर ऊन, एसी चालू. पवईच्या तळ्याजवळ आले तेव्हा लक्षात आलं, तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलाय. मी काचेवर टिचकी मारली. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने काट्याला टिचकी मारली, की बाबा, चुकून तर वर गेला नाहीस ना!

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. झाकणाच्या आसपास फसफस चालली होती आणि बाजूची प्लॅस्टिकची बाटली, जादा पाण्याची, ती भरून रस्त्यावर सांडत होती. आपल्याकडे एक रीत आहे. बाईने रस्त्यात बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत पाच पुरुष जमतात. एक म्हणाला फॅन गेला. दुसरा म्हणाला पाण्याचा पंप. तिसऱ्याने विचारलं, "मॅडम, घरात कोणी जेन्ट्स नाही का?" मी त्याला म्हटलं, "होता. तो असताना गाडी तापायची नाही." खरं म्हणजे तापायची, पण त्याला कशाला सांगू?

कामाचं बोलला तो एक रिक्षावाला. जौनपूरचा. त्याने आधी मला झाकणाला हात लावू दिला नाही. "दीदी, अभी खोलोगी तो मुँह जलेगा." अर्धा तास थांबवलं, झाकणावर ओला फडका टाकून स्वतः हळूहळू उघडलं, माझ्या दोन्ही बाटल्या आत ओतल्या आणि म्हणाला, "एसी बंद, काच नीचे, और हीटर फुल चालू करो. इंजन की गर्मी अंदर आ जाएगी."

हे मला ठाऊक होतं. गाडीचा हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, म्हणजे इंजिनाला तेवढाच थंडावा. ठाऊक असणं वेगळं आणि मे महिन्यात दुपारी साडेअकराला पायांवर गरम वाऱ्याचा झोत घेत जोगेश्वरीपर्यंत जाणं वेगळं. सिग्नलला शेजारच्या गाडीतली मुलगी माझ्याकडे बघत राहिली. माझ्या चेहऱ्यावरून घामाच्या धारा, केस उडतायत, आणि मी तिच्याकडे बघून हसले. तिने काच वर केली.

हायवेला लागल्यावर वारा मिळाला आणि काटा खाली आला. पण गोरेगावला पुन्हा थांबले, कांदिवलीला पुन्हा. एक फरक मात्र जाणवला. आमच्या मुलुंड-भांडुपकडचे लोक न विचारता सल्ला देतात आणि निघून जातात. वेस्टर्नवाले आधी चौकशी करतात, सर्व्हिसिंग कधी केलं, कुठल्या वर्षाचं मॉडेल, विकायची आहे का. कांदिवलीत एकाने खरंच भाव सांगितला. त्या क्षणी मी जवळजवळ हो म्हणाले होते.

शनिवार, दहिसर

दोनला आईच्या दारात पोचले. वाटेतून तिला चार फोन केले होते, त्याचाच तिला राग. "गाडी चालवत होतीस की फोन? आणि चारही वेळा एकच, गोळी घेतली का. मी काय नववीतली आहे?" मी आत जाऊन तरीही गोळ्यांची डबी उघडली. तिने माझ्या हातातून ती काढून घेतली, स्वतःच्या कमरेला खोचली आणि ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी, फोडलेला कांदा. आम्ही मूळ जालन्याकडचे. वडील लवकर गेले आणि आईने या खोलीत तीस वर्षं डबे करून आम्हाला वाढवलं. रोजचे चाळीस डबे, सहा कुकर. त्यातले पाच तिने त्या आठवड्यात शेजारणींना वाटून टाकले होते. एक ठेवला होता. मी म्हटलं, माझ्याकडे आहे की कुकर. ती म्हणाली, "असेल."

संध्याकाळी चेकनाक्याच्या बाजूचा एक मेकॅनिक गाठला. त्याने पाच मिनिटं पाहिलं, एक पाइप सोडवला आणि आतून पितळेची छोटी चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली. "थर्मोस्टॅट, मॅडम. हा थंडीतल्या देशांसाठी असतो, इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. आपल्या मुंबईत ह्याचं काय काम? काढून टाकला, विषय संपला."

मी, एम.एस्सी., मान डोलावली. एवढंच नाही, तर घरी येऊन आईला ती चकती दाखवून समजावून सांगितलं की हिच्यामुळे पाणी अडत होतं. आई म्हणाली, "कंपनीने फुकट घातली होती होय?" मी तिला म्हटलं की तुला त्यातलं कळत नाही. हे वाक्य लिहून ठेवते, पुढे लागेल.

रात्रभर ती एकदाही माझ्याकडे येण्याबद्दल बोलली नाही. भिंतीवरच्या खिळ्यांचे डाग बघत पडून राहिली होती.

रविवार, दिंडोशी

सकाळी नऊला निघालो. सामान म्हणजे एक ट्रंक, तो कुकर, दोन गाठोडी, आणि टॉवेलात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती, ती आईच्या मांडीवर. अख्खी इमारत खाली उतरली होती. जय भीम, आजी, येत जा, असं चाललं होतं. कमलमावशी गाडीच्या काचेत वाकून म्हणाली, "संध्याकाळी फोन कर गं. खोली झाडून ठेवलीय." मला त्या बाईचा इतका राग आला, की मी गिअर चुकले आणि गाडी मागे गेली.

बोरिवली सरळ पार पडली. मी लगेच आईला माझ्या घराचं वर्णन सुरू केलं. तुझ्यासाठी पूर्वेची खोली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, बेडशेजारी बेल, आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ तुझं बीपी बघणार. आई बाहेर बघत होती. मालाडला रविवारच्या सेलची गर्दी लागली, गाडी सरपटायला लागली, आणि दिंडोशीजवळ आई शांतपणे म्हणाली, "शोभा, तुझ्या गाडीतनं धूर निघतोय."

धूर नव्हता, वाफ होती, पण तेवढं शिकवायची माझ्यात ताकद नव्हती. लागली वाट! हीटर लावू तर शेजारी ब्याऐंशी वर्षांची बाई. कशीबशी आतल्या रस्त्याला वळवली. तिथे कोर्टाच्या पुढच्या गल्लीत एक गॅरेज रविवार असूनही उघडं सापडलं. मालक परब, पन्नाशीचा, कुडाळचा, अंगात बनियन. त्याने आईला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, बॉनेट उघडलं, बाटलीत उठणारे बुडबुडे पाहिले आणि मान हलवली.

"बाटलीत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट गेला, मॅडम. इंजिन खोलूक लागतला. चार दिवस धरा."

आई उठून उभी राहिली. मूर्ती छातीशी धरून म्हणाली, "मग असं कर. मला रिक्षा करून दे. मी कमलकडे जाते. सामान मागनं आण सावकाश."

मला रडू फुटलं. साठ वर्षांची बाई, गॅरेजच्या दारात, ग्रीस लागलेल्या हाताने डोळे पुसतेय. मी म्हटलं, "आई, नको ना गं. दोन तास थांब. मी टॅक्सी बोलवते, मुलुंडला जाऊ." ती म्हणाली, "टॅक्सीने गेले काय नि गाडीने गेले काय. जमायचं नाही गं आपलं." परब बिचारा पाना हातात धरून आभाळाकडे बघत होता. त्याला काय करावं कळेना.

मी आत पाणी मागायला गेले. परत येते तो आई बॉनेटपाशी उभी. डोकं थोडं तिरकं करून ऐकत होती. इंजिन बंद होतं, पण झाकणाच्या कडेने अजून बारीक सूं सूं चालू होती आणि पाण्याचा थेंब येऊन चरचरत होता.

"अरे बाबा," ती परबला म्हणाली, "खोलायच्या आधी हे बघ. इथनं वाफ निघतेय."

"ती निघतली, आजी. इंजिन तापला ना."

"तापल्यावर शिट्टीतनं निघावी. ही कडेने निघतेय. रबर गेलंय झाकणाचं."

परब हसला. मीही, शप्पथ सांगते, हसले. म्हटलं, "आई, तो कुकर नाहीये."

"माझे सहा कुकर होते. कुठल्याचं रबर गेलंय ते मी बाहेरच्या खोलीत बसून सांगायची. रबर गेलं की दाब धरत नाही. दाब नाही धरला की डाळ शिजत नाही, नुसतं पाणी उकळून उतू जातं. तुझ्या गाडीचं काल आणि आज दुसरं काय झालं?"

हे वाक्य माझं होतं. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक वाढतो. एकतीस वर्षं, दरवर्षी जूनच्या शेवटी, मी फळ्यावर कुकर काढून नववीला हेच शिकवायचे. पेपरात चार मार्कांना विचारायचे. बंद झाकणाखाली पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकणाने दाब सोडला की शंभरालाच उकळून बाहेर. तीस किलोमीटर मी माझ्याच धड्यातून गाडी चालवत आले होते आणि प्रश्न ओळखता आला नव्हता.

परबने पाऊण तास इंजिन थंड होऊ दिलं. तोवर आईने डबा सोडला, भाकरी आणि मिरचीचा ठेचा, आणि त्यालाही वाढलं. त्याने पहिला घास खाऊन पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. मग फडका घेऊन झाकण काढलं आणि उलटं केलं. खालचं रबर चिरून दोन ठिकाणी उडालेलं, उरलेलं कडक होऊन बिस्किटासारखं.

"आजीनी बरोबर सांगितला," तो म्हणाला. "गार झाल्यावर बाटलीतला पाणी परत आत ओढूक होया, ता पण ओढत नव्हता." मग माझ्याकडे वळला. "पण मॅडम, रबर असा इतक्या लवकर जाऊचा नाय. ह्या झाकण वारंवार कोण उघडता?"

मी बॉनेटच्या दांडीकडे बघितलं.

"रोज उघडते ती," आई म्हणाली. "मला फोनवर सांगायची कौतुकाने."

"रोज? अहो, ह्या वर्षाकाठी दोनदा उघडूचा. रोज बघायचा तर बाहेरनं बाटली बघायची, त्यासाठीच रेघ मारलेली असता."

समोरचं स्पेअरचं दुकान अर्धं शटर ओढून होतं. परबने जाऊन त्याच मापाचं नवं झाकण आणलं, नळाचं गढूळ पाणी काढून कूलंट भरलं आणि माझ्या पर्समधली पितळी चकती बघून कपाळावर हात मारला. ती परत बसवायला उद्या-परवा या म्हणाला. मग गाडी जागेवरच अर्धा तास चालू ठेवली, एसी लावून. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. फॅन आपोआप सुरू झाला, आपोआप बंद झाला. बाटलीत एक बुडबुडा नाही.

त्या अर्ध्या तासात आई माझ्याशी बोलली. खुर्चीवर बसून, काटा बघत असल्यासारखं समोर बघत.

"तुझं माणूस असं अचानक गेलं, मला कळतं गं. पण तू रोज उघडून बघतेस म्हणून ते रबर गेलं. मलाही तू रोज उघडून बघतेस. गोळी घेतली का, पाय सुजलेत का, पडलीस का. मी तुझ्याकडे यायला का नको म्हणते? तुझ्या घरी मला माणूस म्हणून नाही, पेशंट म्हणून राहावं लागेल. तू बेल बसवलीस, बाई. बेल!"

मी म्हटलं, "मला भीती वाटते, आई. सकाळी उठले आणि तूही..."

"मी जायचीच आहे कधीतरी. तू झाकण उघडून बघितल्याने थांबणार आहे का?" असं म्हणून तिने माझा हात धरला, ग्रीससकट, आणि बराच वेळ धरून ठेवला. मग उठली, पदराला हात पुसला, आपला बटणांचा फोन काढला आणि गॅरेजच्या पलीकडे जाऊन कमलमावशीला फोन लावला. मावशीशी ती नेहमी ओरडून बोलते. त्या दिवशी हळू बोलली. मला काही ऐकू आलं नाही.

रविवार, परत

या प्रवासातला सगळ्यात अवघड पल्ला म्हणजे दिंडोशी ते मुलुंड. रस्ता नाही, प्रश्न. "काय सांगितलंस मावशीला?" एवढंच विचारायचं होतं. जोगेश्वरीला ओठांवर आलं, गिळलं. पवईला तळ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "काल इथेच बंद पडली होती," आणि आई म्हणाली, "छान जागा आहे." कांजूरला सिग्नल तीन मिनिटांचा होता. मी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली. काटा मध्यावर होता, तो मी दर दहा सेकंदांनी बघत होते. एका गोष्टीची सवय सोडवत होते, दुसरीची लगेच कशी सुटणार? आई डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती, मला माहीत आहे. मी विचारते का, ते बघत होती.

विचारलं नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव पराक्रम आहे आणि त्याचे फोटो नाहीत.

पाचला आमच्या गेटवर पोचलो. वॉचमन नवा होता. त्याने ट्रंक पाहिली, गाठोडी पाहिली आणि वही घेऊन आईच्या खिडकीशी आला. "मॅडम, गेस्ट ना? नाव सांगा, किती दिवस?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगायचं ते मलाच ठाऊक नव्हतं.

आईने काच खाली केली. "गेस्ट नाही," ती म्हणाली. "राहायला आलेय. लिही, कौसल्या गायकवाड, फ्लॅट हिचाच. आणि दिवसबिवस विचारू नकोस रे, हिने दोन तास विचारलं नाही."